बिवलकरांचा कमोड आणि सिरिलचा खुबा

विलायतेत स्लाऊमधल्या बिवलकरांच्या घरात एकच कमोड होता आणि तो डुगडुगत होता.

डुगडुगत होता म्हणजे, बसणारा पेपरचं पान उलटायला जरा डावीकडे कलला की कमोडही त्याच्याबरोबर कलायचा. घरच्यांना सवय होती. पाहुण्यांचं मात्र धाबं दणाणायचं. म्हणून पाहुणे आले की सुप्रभा आधीच सांगून ठेवायची, "उजवा पाय भिंतीला टेकवून बसा हं, म्हणजे काही होत नाही." हे सांगायची आठवण तिला नेमकी पानं वाढताना व्हायची, त्यामुळे बिवलकरांकडे जेवायला येणारी माणसं बेताचंच जेवायची.

दोष कमोडचा नव्हता. जमिनीतून मैलापाण्याचा जो पाइप वर येतो त्याच्या तोंडाशी एक लोखंडी कडं बसवलेलं असतं. त्याला फ्लँज म्हणतात. कमोड या कड्यावर स्क्रूंनी आवळायचा, म्हणजे तो जागचा हलत नाही. बिवलकरांचं घर एकोणीसशे चौतीसचं, कडंही चौतीसचंच, आणि आता एकोणनव्वद साल चालू होतं. पंचावन्न वर्षं त्या कड्याने जे काही सोसलं ते पाहता, ते गंजून तुटलं म्हणून त्या बिचाऱ्याला कोणी नावं ठेवू नयेत.

सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी डॉक्टर शशिधर बिवलकरने चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "आज मी फ्लँज बदलणार."

सुप्रभाने हातातला टोस्ट बशीत ठेवला. "तुम्ही?"

"मी. नवा आणून ठेवलाय. गाडीच्या डिकीत आहे."

"अहो, दुपारी मराठी मंडळाची कमिटी जेवायला येतेय. दिवाळीचा प्रोग्रॅम ठरवायचाय ना?"

"त्याच्या आत होतं. दोन तासांचं काम."

"मग निदान शेजारी सिरिलला विचारा तरी. चाळीस वर्षं प्लंबिंग केलंय त्याने."

"सिरिलला वाकता येत नाही."

"वाकायला कोण सांगतंय? तोंडाने सांगेल."

"त्यात विचारायचं काय? जुना सॉकेट काढायचा, नवा बसवायचा. आयुष्यभर दुसरं काय केलं मी?"

हे खरंच होतं. शशिधर हाडांचा सर्जन होता. झिजलेले खुबे काढून नवे बसवणं हे त्याचं काम. वीस वर्षांत किती बसवले याची त्यालाही मोजदाद नव्हती. पण हॉस्पिटलात पेशंटच्या पलंगावर जी पाटी लागते, तिच्यावर नाव असायचं कन्सल्टंटचं, म्हणजे वरच्या साहेबाचं. कन्सल्टंट बुधवारी गोल्फ खेळायचा आणि शुक्रवारी त्याची पाठ धरायची. त्या जागेसाठी शशिधरने चार वेळा अर्ज केला आणि चारही वेळा एखादा असा पोरगा निवडला गेला, ज्याला हातोडी कशी धरायची हे शशिधरनेच शिकवलं होतं. चौथ्या वेळेनंतर त्याने त्या गोष्टीचा नाद सोडला. "पाटी त्यांची असू दे," तो सुप्रभाला म्हणाला, "आत हात माझा असतो." हे त्याने इतक्या थाटात म्हटलं होतं की दोघांनाही ते पटलं आणि पुढची अकरा वर्षं त्याच एका वाक्यावर सुखाने गेली.

आता तोच हात थरथरायला लागला होता.

तीन आठवड्यांपूर्वी दाढी करताना रेझर गालावर टेकण्याआधी हवेतच लटलटला. शशिधरने तो खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा तेच. मग चार दिवस काही नाही. मग एकदा सही करताना. त्याने कोणालाही सांगितलं नाही. सेल लागलाय म्हणून विजेवरचा रेझर विकत आणला आणि सुप्रभाला वाटलं, साठीला आलेल्या माणसाला हौस सुटली. सुदैवाने ऑपरेशन थिएटर रंगकामासाठी बंद होतं, म्हणून तीन आठवडे निभावले. मंगळवारी ते उघडणार होतं. आणि मंगळवारचा पहिला पेशंट होता शेजारचा सिरिल हॉब्स, वय अडुसष्ट, डावा खुबा.

सिरिलचा उजवा खुबा चार वर्षांपूर्वी शशिधरनेच बदलला होता. तेव्हापासून सिरिल पबमध्ये ओळखीच्या-अनोळखीच्या कोणालाही पँटवरून तो खुबा दाखवायचा आणि म्हणायचा, हा आमच्या डॉकने बसवलाय, मलाही असं फिटिंग जमलं नसतं. डाव्यासाठी तो दीड वर्ष थांबला होता. मधे एकदा दुसऱ्या सर्जनकडे नंबर लागत होता तर त्याने साफ नाही म्हणून सांगितलं. करणार तर डॉकच.

त्याला मंगळवारी टेबलावर आडवं करून हातात सुरी घ्यायची, की आज त्याच्याकडे जाऊन खरं सांगायचं? शशिधरला रात्र-रात्र झोप नव्हती. कुठल्याही शहाण्या माणसाने अशा वेळी न्यूरॉलॉजिस्टकडे जावं. पण डॉक्टर माणूस सहसा डॉक्टरकडे जात नाही. शशिधर संडासाकडे गेला.

त्याचा हिशेब साधा होता. फ्लँज बदलणं आणि खुबा बदलणं यांत त्याला काही फरक दिसेना. जुनं झिजलेलं कडं आजूबाजूला धक्का न लावता छिन्नीने फोडून काढायचं. खालची जागा खरवडून कोरडी करायची. सिमेंट कालवायचं, नवं कडं त्यात सरळ बसवायचं आणि सिमेंट घट्ट होईपर्यंत दहा मिनिटं हात तसूभरही न हलवता धरून ठेवायचं. ती दहा मिनिटं म्हणजेच परीक्षा. परीक्षा खरी व्हावी म्हणून त्याने सिमेंटही तेच घेतलं, खुब्यात भरतात ते. हॉस्पिटलने तारीख उलटली म्हणून टाकायला काढलेली चार पाकिटं त्याच्या कपाटात होती. फ्लँज सरळ बसला तर मंगळवारी ऑपरेशन करायचं. वाकडा बसला तर पुन्हा कधीच नाही. एवढ्या मोठ्या प्रश्नाचा निकाल संडासावर सोडणं बरं दिसत नाही हे त्यालाही कळत होतं, पण दुसरीकडे कुठे सोडणार?

दोन तासांचं काम स्क्रूंपाशीच अडलं. चौतीस सालचे स्क्रू चौतीस सालच्या निष्ठेने जागा धरून बसले होते. साडेबारा वाजता कमोड मागच्या बागेत डेलियांच्या शेजारी उभा होता, पाइपाच्या भोकात वास येऊ नये म्हणून शशिधरचा जुना बनियन कोंबलेला होता, गंजकं कडं अजून जमिनीतच होतं, आणि दारावरची बेल वाजली.

कमिटी आली. अध्यक्ष श्रीकांत भूल देणारा डॉक्टर होता. उपाध्यक्ष नंदा त्याची बायको, बायकांची डॉक्टर. चिटणीस मोहन मनोविकारतज्ज्ञ, आणि तो मिल्टन कीन्सहून तासभर गाडी चालवत आला होता, त्यामुळे त्याने कोट काढायच्या आधी विचारलं, "वहिनी, टॉयलेट?"

"बागेत आहे," सुप्रभा म्हणाली.

मोहनने खिडकीतून बागेत पाहिलं. डेलियांमधला कमोड उन्हात चमकत होता. आपण काही बोलण्याआधी समोरच्याला बोलू द्यावं, ही त्याच्या धंद्याची शिस्त. तो थांबला.

"त्याच्यावर नाही बसायचं!" सुप्रभा ओरडली. "सिरिलकडे जा, शेजारी. मी सांगून ठेवते त्याला."

मोहन परत आला तेव्हा श्रीकांत आणि नंदा संडासाच्या दारात उभे होते आणि आत शशिधर गुडघ्यांवर बसून छिन्नीला धार लावत होता. आता, चार प्लंबर एका जागी जमले तर ते क्रिकेटवर बोलतील. पण चार डॉक्टर जमले आणि समोर भोक दिसलं की त्यांना राहवत नाही.

"केस काय आहे?" श्रीकांतने विचारलं.

"पंचावन्न वर्षं जुनी," शशिधर सवयीने म्हणाला. "क्रॉनिक इन्स्टॅबिलिटी. वजन दिलं की डावीकडे जातो."

"पाणी किती वाजता बंद केलंस?"

"दहा-सव्वादहाला असेल."

"असेल म्हणजे? लिहून नाही ठेवलंस?" श्रीकांतला खरंच धक्का बसला. त्याने मीटिंगची वही काढली, दिवाळीच्या प्रोग्रॅमचं पान उलटलं, मागे दोन रकाने आखले आणि स्टूल ओढून पाइपाच्या डोक्याशी बसला. ती त्याची जन्माची जागा होती.

नंदा वाकून बघत होती. "हे असं सरळ ओढून येणार नाही, शशी. फिरवत फिरवत काढावं लागेल. माझ्या गाडीत फोर्सेप्स आहेत."

"नको."

"कन्सेंट घेतलीस?"

"कोणाची? संडासाची?"

"अरे, उद्या काही झालं म्हणजे?" असं म्हणून तिने अजेंड्याच्या पाठीमागे फॉर्म लिहायलाच घेतला. संभाव्य धोके: पाणी वाहत राहणे, दुर्गंधी, पुन्हा शस्त्रक्रियेची गरज, क्वचित प्रसंगी रुग्ण दगावणे. खाली रेघ मारून ती स्वयंपाकघरात गेली आणि सुप्रभाची जवळची नातेवाईक म्हणून सही घेऊन आली. सुप्रभाच्या हाताला वडीचं पीठ लागलं होतं, त्यामुळे सहीवर अंगठाही उमटला.

"जेवून घ्या आधी सगळे," ती म्हणाली. "अळूवड्या गार होतायत."

"ऑपरेशनच्या आधी नको," श्रीकांत गंभीरपणे म्हणाला. खरं म्हणजे जेवलं तर जायचं कुठे, हा विचारही प्रत्येकाच्या मनात होता.

मोहन इतका वेळ दाराला टेकून उभा होता. आता तो हळूच म्हणाला, "शशी, हे आजच का करावंसं वाटलं तुला?"

"डुगडुगतंय म्हणून."

"ते तर मी तुला ओळखतो तेव्हापासून डुगडुगतंय."

"मोहन, तू आधी बाहेर हो बघू!" शशिधरचा आवाज एवढा चढला की श्रीकांतने वहीत वेळ टाकली. "आणि कोणी हात लावायचा नाही. एकानेही नाही. हे माझं मी करणार आहे."

हे ऐकून सगळे जरा चपापले. शशिधर म्हणजे मंडळाच्या कार्यक्रमात सतरंज्या अंथरणारा, भाषण कर म्हटलं तर पडद्यामागे जाणारा मवाळ माणूस. त्याचा असा अवतार कोणी पाहिला नव्हता. पण सर्जन लोक कामाला लागले की चिडतात हेही सगळ्यांना ठाऊक होतं, तेव्हा त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

त्याने छिन्नी लावली आणि हातोडी मारायला सुरुवात केली. ठोक बसत होते ते जिथे हवे तिथेच. एक ठोक, मग बोटाने चाचपून पाहणं, मग दुसरा. कडं एका बाजूने सुटलं, मग दुसऱ्या बाजूने, आणि पाऊण तासाने त्याचे तीन तुकडे होऊन हातात आले. खालच्या पाइपाला चरासुद्धा गेला नव्हता. नंदाने टाळ्या वाजवल्या. शशिधरने आपल्या उजव्या हाताकडे चोरून पाहिलं. हात दगडासारखा स्थिर होता. त्याला एकदम इतका आनंद झाला की घरातल्या सगळ्यांना मिठी मारावी, मोहनलासुद्धा. नाही ते भलतंच घेऊन बसलो आपण, तो मनाशी म्हणाला. दाढी करताना थंडी वाजली असेल.

या सगळ्यात कमिटी पाळीपाळीने सिरिलकडे जाऊन येत होती. मोहन दोनदा गेला.

जागा खरवडून, पुसून, कोरडी झाली. शशिधरने सुप्रभाच्या पुरणाच्या पातेल्यात चार पाकिटांची पावडर ओतली, तिच्यावर सोबतच्या बाटल्यांतलं औषध ओतलं आणि चमच्याने ढवळायला लागला. त्या सिमेंटचा वास असा डोक्यात जाणारा असतो की सुप्रभाने पातेलं ओळखायच्या आधी नाकाला पदर लावला.

"मिक्सिंग सुरू, दोन वाजून सहा," श्रीकांतने पुकारलं.

सिमेंट आधी पातळ, मग कणकेसारखं झालं. शशिधरने ते पाइपाभोवती दाबून बसवलं, नवं चकचकीत कडं त्यात रुतवलं आणि दोन्ही हातांनी धरलं.

"दोन वाजून दहा. धर."

नेमकं तेव्हा मागचं दार वाजलं आणि काठीचा आवाज करत सिरिल हॉब्स स्वयंपाकघरातून आत आला. पंधरा स्टोनचा, म्हणजे पंचाण्णव किलोचा माणूस, दारात उभा राहिला की बाहेरचा उजेड बंद. त्याचं इंग्रजी त्याच्या बायकोलाही अर्धंच कळायचं. ते मराठीत साधारण असं:

"दोन तासांत तीन डॉक्टर माझ्या संडासात जाऊन आले. एकालाही माझी नाडी बघावीशी वाटली नाही. म्हटलं, बघून तरी यावं काय भानगड आहे."

"फ्लँज बदलतोय," शशिधर मान वर न करता म्हणाला.

"कशाला?"

"तुटला होता."

"ते दिसतंच आहे. पण तो काढला कशाला? प्लॅस्टिकचा कनेक्टर मिळतो, रबराचे पडदे असलेला. जुन्यावरच सरकवायचा, वर कमोड ठेवायचा. पंधरा मिनिटं. दहा वर्षांत मी एकही फ्लँज काढला नाही."

नंदाने कन्सेंटचा फॉर्म हळूच घडी घालून पर्समध्ये ठेवला. गरज नसताना केलेल्या ऑपरेशनच्या वेळी आपण हजर होतो, हे कोणाही डॉक्टरला कागदोपत्री नको असतं.

"आणि हे काय लावलंयस?" सिरिलने नाक वर केलं.

"सिमेंट."

"हे सिमेंट नाही. सिमेंट मला कळतं."

"तुझ्या उजव्या खुब्यात आहे तेच आहे."

सिरिलचा हात आपोआप उजव्या कमरेकडे गेला. त्याने खाली त्या भोकाकडे पाहिलं. "म्हणजे आता हे कधीच निघणार नाही," तो म्हणाला.

"नाही."

"चार मिनिटं," श्रीकांत म्हणाला.

आणि पाचव्या मिनिटाला हात सुटला. सुटला म्हणजे कड्यावरून नाही, शशिधरच्या ताब्यातून. आधी अंगठा, मग मनगट. त्याने दात आवळले, कोपर गुडघ्यात दाबून धरलं, श्वास रोखला. काही उपयोग होईना. दुसऱ्या हाताने तो पहिल्याला आवरत होता आणि त्या झटापटीत कडं सिमेंटात किंचित किंचित इकडे तिकडे होत होतं. सिमेंट तापत चाललं होतं. त्याला ते बोटांना चटचट लागत होतं.

"सहा..." श्रीकांत म्हणाला आणि पुढे मिनिटं हा शब्द त्याने म्हटलाच नाही.

सगळ्यांनी पाहिलं. चौघांचा मिळून शंभर वर्षांहून जास्त अनुभव त्या चार फुटांच्या खोलीत होता. नंदा पुढे होऊन हात लावायला वाकली, तसा शशिधर नुसता "नको" म्हणाला. ती मागे झाली. श्रीकांत घड्याळाकडे बघत राहिला. मोहन जमिनीकडे. सिरिलला वैद्यकीतलं काही कळत नव्हतं. पण चाळीस वेळा हॉस्पिटलच्या बाकड्यांवर बसल्यामुळे एक गोष्ट पक्की कळत होती: डॉक्टर एकमेकांत बडबडत असले तर काही काळजी नाही. सगळे एकदम गप्प झाले की समजायचं.

त्यानेही मग टोपी काढून हातात घेतली.

"दहा," श्रीकांत म्हणाला.

शशिधरने हात काढून घेतले. ते मांडीवर ठेवले. उजवा अजून थोडा थरथरत होता, त्याला त्याने डाव्याखाली दडपलं.

सिरिलने खिशातून लेव्हल, म्हणजे पाणसळ, काढली आणि वाकता येत नसल्याने मोहनकडे दिली. मोहनने ती कड्यावर ठेवली. काचेतला बुडबुडा सरसर उजवीकडे गेला आणि तिथेच राहिला. म्हणजे कडं डावीकडे कललं होतं.

"थोडंच आहे," नंदा लगेच म्हणाली. "नॉर्मल लिमिट्समध्ये आहे हे."

"जमीनच वाकडी असेल," श्रीकांत म्हणाला. "जुनं घर. स्लाऊमध्ये सरळ काय आहे?"

"बसणाऱ्याला जाणवणार नाही," मोहन म्हणाला. "माणसाला हळूहळू वाकडं तेच सरळ वाटायला लागतं. याच्यावर पेपर्स आहेत."

ही सगळी माणसं त्याच्यावर माया करणारी होती, आणि म्हणूनच त्यांचं बोलणं शशिधरला ऐकवेना. तो भिंतीला धरून उठला. सुप्रभा दारात सिरिलच्या मागे उभी होती. तिच्या एका हातात अळूवड्यांचं ताट होतं. ते तिने कशासाठी आणलं होतं हे आता तिलाच आठवत नव्हतं.

"केव्हापासून?" तिने विचारलं.

"तीन आठवडे झाले."

"आणि मला सांगायचं नाही?"

"तुला सांगितलं असतं म्हणजे ते खरं झालं असतं."

सुप्रभाने ताट सिरिलच्या हातात दिलं आणि पदराने डोळे पुसले. तिला राग आला होता, रेझरचासुद्धा. तीन आठवडे रोज सकाळी ती त्या मेल्या रेझरच्या आवाजाला हसत होती.

शशिधर सिरिलकडे वळला. बावीस वर्षं या देशात त्याने कितीतरी लोकांना कितीतरी वाईट बातम्या दिल्या होत्या आणि त्या कशा द्याव्यात यावर पोरांना लेक्चरंही दिली होती. त्यातलं काहीएक त्याला आठवेना.

"सिरिल, मंगळवारी तुझा खुबा मी करणार नाही."

"हं," सिरिल म्हणाला. तो एका हाताने ताट सांभाळत होता, दुसऱ्याने काठी. "मग कोण?"

"ॲलन म्हणून आहे. तरुण आहे. मी शिकवलंय त्याला."

"तुझ्याइतका चांगला आहे?"

कमिटी भिंतींकडे बघत होती. शशिधरला वाटलं, आत्ता खोटं बोललो तर कोणी काही म्हणणार नाही. जवळजवळ आहे, असं म्हणता येईल. होईल हळूहळू, असंही म्हणता येईल.

"आज माझ्याहून चांगला आहे," तो म्हणाला.

हे बोलून झाल्यावर त्याला रडू आलं. अगदी मोकळेपणी आलं, नाकातोंडातून. तो बेसिनच्या काठाला धरून रडला आणि मंडळाची कमिटी त्याच्या पाठीवर जिथे जागा मिळेल तिथे थोपटत राहिली. श्रीकांतने वहीत काहीच लिहिलं नाही. सिरिलला अशा वेळी काय करतात ते माहीत नव्हतं, म्हणून त्याने एक अळूवडी खाल्ली, मग दुसरी खाल्ली आणि मग विचारलं, "हे काय आहे?"

"पानं," सुप्रभा म्हणाली.

"बरी लागतात," सिरिल म्हणाला.

मग कमोड आत आणणं भाग होतं. श्रीकांत आणि मोहनने तो बागेतून उचलून आणला, नंदाने पुढे होऊन वाट दाखवली. पाइपातला बनियन शशिधरने स्वतः ओढून काढला आणि सगळ्यांना दाखवून बाजूला ठेवला. आत काही विसरलं नाही याची खात्री झाल्याशिवाय वर काही बंद करायचं नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. सिरिल दारातून सांगत होता तसे त्याने स्क्रू आवळले. पाणी सोडलं. टाकी भरली. मोहनने साखळी ओढली आणि पाणी खळखळून गेलं. एक थेंब बाहेर आला नाही. कमोड डावीकडे कललेला होता, सगळ्यांना स्वच्छ दिसेल इतका, आणि त्याला आता हे घर पडेपर्यंत कोणी सरळ करू शकणार नव्हतं.

"चला, जेवायला चला," सुप्रभा म्हणाली. सगळे निघाले.

सिरिल निघेना.

"डॉक," तो म्हणाला, "मला जायचंय."

"तुझ्या घरी?"

"घरी जायला मला दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ नाही. मघापासून थांबलोय."

शशिधरने दार लोटून घेतलं. सिरिलने काठी कोपऱ्यात ठेवली, कमोडकडे पाठ केली आणि मागे न बघता हात पुढे केला. शशिधरने डावा हात दिला.

"तो नको. हा दे."

"हा नको, सिरिल."

"दे रे. उभं राहवत नाही मला."

त्याने शशिधरचा उजवा हात मनगटापाशी पकडला आणि सगळा भार त्याच्यावर टाकून खाली बसायला लागला. पंधरा स्टोन. डावा खुबा कुरकुरला, सिरिलने ओठ चावला, मधेच थांबला, पुन्हा भार टाकला. शशिधरने पाय फाकवून तोल सांभाळला. त्याचं लक्ष सगळं सिरिलच्या गुडघ्याकडे होतं, त्यामुळे हात हलतोय की नाही हे पाहायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. ते लक्षात आलं तेव्हा सिरिल टेकलेला होता आणि हात अजून तसाच, त्याच्या मुठीत, सरळ.

सिरिल एकदा डावीकडे कलला. एकदा उजवीकडे. मग त्याने बूड जरा जोरात आपटून पाहिलं, जसं त्याने चाळीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरून निघण्याआधी पाहिलं असेल.

"वाकडा आहे," तो म्हणाला. "पण हलत नाही."

मग त्याने शशिधरचा हात सोडला आणि त्याला बाहेर जायला सांगितलं.